गोंदण आयुष्यभर का टिकते? त्वचेच्या थरांतील शाईचे विज्ञान

रायपूर : छत्तीसगडमध्ये महानदीच्या खोऱ्यातील काही गावांत कपाळापासून पायापर्यंत ‘राम’ हे नाव गोंदवून घेतलेले वृद्ध स्त्री-पुरुष आजही आढळतात. मंदिरप्रवेश नाकारण्यात आलेल्या दलित समाजातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या रामनामी पंथाची ही खूण आहे. चारपारा गावचे परशुराम हे या पंथाचे प्रवर्तक मानले जातात. मंदिराचे दार बंद झाले तरी अंगावरचे नाव कोणालाही हिरावून घेता येणार नाही, ही या गोंदणामागील भूमिका. हे नाव पुसले का जात नाही, याचे उत्तर त्वचेच्या रचनेत आणि शरीराच्या संरक्षणव्यवस्थेत दडलेले आहे.

त्वचेचे तीन थर

त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. पापणीवर हा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतो, तर तळहात व तळपायावर तो एक मिलिमीटरहून अधिक जाड असतो. बाह्यत्वचेतील पेशी तळाशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि मृत होऊन गळून पडतात. साधारण महिन्याभरात हा थर नवा होतो. त्यामुळे मेंदीसारखा वरवरचा रंग काही आठवड्यांत नाहीसा होतो.

त्याखालील अंतस्त्वचेत कोलॅजेनचे तंतू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू, घर्मग्रंथी आणि केसांची मुळे असतात. हा थर बाह्यत्वचेप्रमाणे गळून पडत नाही. गोंदण टिकते ते याच थरात. तिसरा थर मेदाचा असून शाई तेथवर गेल्यास ती पसरते व रेषा फिस्कटतात. म्हणूनच सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर खोलीवर राखणे हे गोंदणाऱ्याचे खरे कौशल्य मानले जाते.

शाई आत कशी शिरते

छत्तीसगडमध्ये गोंदणाला ‘गोदना’ म्हणतात. देवार समाजातील स्त्रिया पिढ्यान्पिढ्या हे काम करीत आल्या आहेत. दिव्याची काजळी कालवून तयार केलेला रंग सुयांच्या जुडग्याने टोचून त्वचेत उतरवला जातो. अमेरिकेत सॅम्युअल ओरायली यांनी १८९१ मध्ये विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे पेटंट घेतले. मात्र हात आणि यंत्र या दोहोंमागील तत्त्व एकच आहे. सुई पोकळ नसते. सुयांच्या फटीत शाई धरून राहते आणि टोचल्याने पडलेल्या छिद्रातून ती आत ओढली जाते.

पेशींचा अखंड पहारा

शरीराच्या दृष्टीने शाई हा परका पदार्थ आहे. जखम होताच भक्षक पेशी तेथे धावून येतात आणि रंगकण गिळतात. परंतु हे कण त्यांना पचवता येत नाहीत. काही कण कोलॅजेन तयार करणाऱ्या तंतुपेशींतही साठतात. फ्रान्समधील मार्से येथील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, रंग धरून ठेवणारी भक्षक पेशी मेल्यावर मोकळे झालेले कण तिच्या जागी येणारी नवी पेशी पुन्हा गिळते. पेशी बदलतात, रंग मात्र जागेवरच राहतो. काही सूक्ष्म कण लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचतात, असेही २०१७ मधील एका अभ्यासात आढळून आले आहे.

काजळी काळी असली तरी जुने गोंदण निळसर-हिरवट दिसते. रंगावरील त्वचेचा थर निळ्या प्रकाशाचे विकिरण अधिक करतो, हे त्याचे एक कारण आहे. वाढते वय आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे यांमुळे रेषा पुसट व रुंद होत जातात.

धोके आणि दक्षता

सुई रक्तवाहिन्या असलेल्या थरात शिरते. त्यामुळे एकच सुई किंवा एकाच भांड्यातील शाई अनेकांसाठी वापरल्यास हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. जत्रा व आठवडी बाजारात गोंदवून घेताना हा धोका विशेष लक्षात घ्यायला हवा. निर्जंतुक, एकदाच वापरायची सुई आणि प्रत्येकासाठी वेगळी शाई ही किमान अट होय. लाल रंगाची ॲलर्जी इतर रंगांच्या तुलनेत अधिक आढळते. जखमेचे वण वाढण्याची प्रवृत्ती असलेल्यांनी गोंदणे टाळावे, तसेच तिळावर गोंदवू नये. त्यातील बदल झाकले जाऊन त्वचेच्या कर्करोगाचे निदान लांबू शकते. भारतात गोंदल्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही.

पुसणे अवघड

गोंदण काढण्यासाठी लेसरचे अतिसूक्ष्म कालावधीचे झोत वापरतात. त्यांमुळे रंगकण फुटून बारीक होतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. त्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. काळा रंग तुलनेने लवकर निघतो, हिरवा व पिवळा चिवट ठरतात. सावळ्या त्वचेवर डाग पडण्याची शक्यता अधिक असल्याने हे उपचार त्वचारोगतज्ज्ञाकडूनच घ्यावेत.

सैन्यभरतीत गोंदणावर निर्बंध आहेत. मात्र आदिवासी उमेदवारांच्या पारंपरिक गोंदणाचा रूढी लक्षात घेऊन स्वतंत्र विचार केला जातो. रामनामी समाजातही शिक्षण व नोकरीसाठी बाहेर पडणारी तरुण पिढी सर्वांगी गोंदण टाळू लागली आहे. दागिने येथेच राहतात, गोदना मात्र मृत्यूनंतरही सोबत येतो, अशी छत्तीसगडमधील लोकश्रद्धा आहे. त्वचेत उतरलेली काजळी आयुष्यभर सोबत करते, एवढे विज्ञानही मान्य करते.