मध्यरात्रीची रांग

'रांग' या शब्दाला मराठी मनात रॉकेलचा वास आहे. आमच्या वडिलांच्या पिढीने बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली. ज्याला धीर नसे तो 'ऑन' देऊन दुसऱ्याच्या नंबरची गाडी घेई. पण ती रांग कागदावरची होती. तिच्यासाठी कुणी रस्त्यावर झोपत नसे, आणि तिच्या मुळाशी असलेली टंचाई परवाना-पद्धतीने निर्माण केलेली आहे हे साऱ्यांना माहीत होते. याउलट, बाजारपेठ ओसंडून वाहणाऱ्या देशांत एका खेळण्यासाठी माणसे थंडीत रात्र काढतात, या घटनेचा अर्थ कसा लावावयाचा? व्हिडिओ गेमच्या कन्सोलचा इतिहास आम्ही चाळला तो या कुतूहलापोटी.

यातील मध्यरात्र प्रथम ग्राहकांची नव्हतीच. २१ नोव्हेंबर १९९० रोजी निन्टेंडोचा 'सुपर फॅमिकॉम' जपानमध्ये विक्रीस आला तेव्हा याकुझा टोळ्या माल लुटतील या भीतीने कंपनीने तो रात्रीच्या अंधारात गुपचूप दुकानांकडे रवाना केला. सुमारे तीन लाख यंत्रे काही तासांत संपली. तो बुधवार होता. कामाच्या दिवशी उडालेला गोंधळ पाहून असे माल यापुढे सुटीच्या दिवशी विकावेत, असे सरकारने उत्पादकांना सुचविले म्हणतात.

पुढे ही गुप्त मध्यरात्र उघड्यावर आली. तिच्यामागे एक साधी व्यापारी तरतूद आहे. उत्पादक विक्रीची तारीख ठरवितो आणि तिच्याआधी माल न विकण्याचे बंधन दुकानदारावर असते. साहजिकच ती तारीख सुरू होण्याचे पहिले मिनिट जो साधेल तो शेजाऱ्याच्या पुढे. म्हणजे मध्यरात्रीचा जन्म उत्साहातून नव्हे, करारातून झाला. उत्साह मागाहून आला, आणि त्याच्यामागून कॅमेरे. २४ ऑगस्ट १९९५ रोजी 'विंडोज ९५'साठी दुकाने रात्री उघडली. १५ नोव्हेंबर २००१ च्या मध्यरात्री न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये खुद्द बिल गेट्स यांनी पहिला 'एक्सबॉक्स' विकला. जुळ्या मनोऱ्यांवरील हल्ल्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या गर्दीकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलते.

साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रकाराला नाक मुरडण्याचे कारण नाही. हॅरी पॉटर मालिकेतील तिसरे पुस्तक इंग्लंडमध्ये ८ जुलै १९९९ रोजी दुपारी पावणेचार वाजता विक्रीस आले; मुलांनी शाळा बुडवू नये हा हेतू. वर्षभराने चौथ्या पुस्तकासाठी वेळ निवडली गेली ती मध्यरात्रीची. पुस्तकाच्या रांगेला आपण वाचनसंस्कृती म्हणतो आणि यंत्राच्या रांगेला चंगळवाद. असो.

या इतिहासात आम्हाला सर्वांत बोलका वाटतो तो नोव्हेंबर २००६. सोनीच्या 'प्लेस्टेशन ३'मध्ये ब्लू-रे चकत्या वाचणारा निळ्या लेझरचा डायोड होता आणि तो पुरेसा तयार होत नव्हता. परिणामी युरोपातील विक्री मार्च २००७ वर ढकलली गेली आणि अमेरिकेच्या वाट्याला आरंभी सुमारे चार लाख यंत्रे येतील असे कंपनीने जाहीर केले. किंमत ४९९ व ५९९ डॉलर. कंपन्या मुद्दाम टंचाई करतात, हा आरोप तेव्हाही झाला. येथे तो आम्हाला पटत नाही. स्वस्त यंत्राचा उत्पादनखर्चच ८०० डॉलरच्या वर असल्याचा अंदाज 'आयसप्लाय' या संस्थेने त्याच वेळी मांडला होता. प्रत्येक विक्रीत तोटा सोसणाऱ्याला टंचाईचे नाटक करून तात्काळ काय मिळणार? टंचाई खरी होती. खोटी, निदान अर्धी खोटी, होती ती निकड.

कारण रांगेतल्या अनेकांना खेळावयाचेच नव्हते. ईबेवर हे यंत्र दुप्पट-तिप्पट भावाने जात होते. टोकियोत मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी उभे राहणारे लोक होते, अशी वृत्ते आली. १७ नोव्हेंबरला पहाटे कनेक्टिकट राज्यातील पटनम गावी दुकानाबाहेर थांबलेल्यांना लुटारूंनी गाठले आणि पैसे देण्यास नकार देणाऱ्या एकाला गोळी घातली. रांगेतल्या प्रत्येकाच्या खिशात पाच-सहाशे डॉलर असणार, हे हिशेबी चोरांनी ओळखले होते. आमच्या मते त्या रात्रीचे सर्वांत अचूक बाजार-निरीक्षण तेच.

यानंतर दोन दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, अमेरिकेत निन्टेंडोचे 'वी' आले. अडीचशे डॉलरचे, तांत्रिकदृष्ट्या दुबळे. त्याच्यासाठी बंदुका निघाल्या नाहीत. परंतु नवे वर्ष उजाडले तेव्हा 'प्लेस्टेशन ३'ची खोकी अनेक दुकानांत पडून होती, आणि 'वी' मात्र पुढे वर्षाहून अधिक काळ हाती लागणे कठीण होते. रांगेची छायाचित्रे पाहून मागणीचा इतिहास लिहू गेलो, तर आपण दलालांचा इतिहास लिहून बसू. साहित्यव्यवहारातही 'पहिली आवृत्ती महिन्यात संपली' हे वाक्य आपण पुरावा म्हणून किती सहज वापरतो! ती ग्रंथालयांनी संपवली की वाचकांनी, हे विचारण्याची तसदी विद्यार्थ्यांना आम्हीही क्वचितच देतो.

२०२० मध्ये करोनामुळे सोनीने पहिल्या दिवसाची विक्री पूर्णपणे ऑनलाइन केली. भारतात 'प्लेस्टेशन ५'ची नोंदणी १२ जानेवारी २०२१ रोजी भर दुपारी बारा वाजता उघडली आणि काही मिनिटांत मिटली. किंमत ४९,९९० रुपये. ज्यांना मिळाले नाही त्यांना आपल्या पुढे किती जण होते आणि त्यांत माणसे किती, संगणकी प्रणाली किती, हे कळण्यास मार्ग नव्हता. आमच्या वडिलांना निदान आपला नंबर माहीत असे.

जून २०२५ मध्ये 'स्विच २'च्या निमित्ताने अमेरिकेत मध्यरात्रीच्या रांगा परतल्या. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड भागातील एका दुकानात घाईघाईने पावत्या खोक्यांना स्टेपल करताना टाचण्या आतल्या यंत्रांच्या पडद्यांत घुसल्या. पुढे तो स्टेपलरही धर्मादाय कार्यासाठी लिलावात निघाला, आणि त्याच्यावर बोली लावण्यासाठीही माणसांची झुंबड उडाली.