घर व पाळणाघरातील ॲलर्जीकारके
धुळीतील माइट, झुरळ, उंदीर, मांजर, कुत्रा आणि बुरशी यांच्यापासून येणारी, दम्याला चिथावणी देणारी प्रथिने. धूळ दिसते म्हणून दोष तिच्यावर जातो. खरे कारण त्यातील प्रथिन असते, आणि ते उंबरठ्यापाशी थांबत नाही. मांजराच्या लाळेतील व त्वचेतील प्रथिन कपड्यांना चिकटून प्रवास करते. त्यामुळे मांजर कधीच न शिरलेल्या पाळणाघरातही ते सापडते. म्हणून मुलाचा संपर्क मोजताना घर आणि पाळणाघर यांचा एकत्र विचार करावा लागतो.

अमेरिकेतील 8 शहरी वस्त्यांच्या, 1997 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झुरळांची ॲलर्जी असून निजण्याच्या खोलीतही त्यांचे प्रथिन भरपूर असलेल्या मुलांना इतरांच्या तिपटीहून अधिक वेळा रुग्णालयात दाखल करावे लागले. ॲलर्जी व संपर्क यांची ही जोडीच निर्णायक ठरते. गादीला अभेद्य खोळ घालून प्रौढांच्या दम्यात फरक पडला नाही, असा आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. पण तो एकट्या खोळीला लागू पडतो. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या 937 मुलांच्या चाचणीत प्रत्येकाच्या ॲलर्जीनुसार खोळ, गाळणीचा व्हॅक्यूम क्लीनर, झुरळनाशन असे उपाय एकत्र योजले, तेव्हा लक्षणांचे दिवस घटले. लहानपणीचा संपर्क संरक्षण देतो, हा दुसरा आक्षेप. तो अजून ॲलर्जी न जडलेल्या मुलांविषयी आहे. दमेकरी मुलाची गादी झाडताना त्याचा आधार घेता येत नाही.