भरतीच्या हद्दीतला विमानतळ

मुंबईच्या हवाई वाहतुकीचा इतिहास सांगताना सुरुवात होते ती १५ ऑक्टोबर १९३२ या तारखेपासून. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा पुस मॉथ विमानातून कराचीहून एकटेच निघाले, अहमदाबादला थांबून जुहूला उतरले आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. वैमानिकांच्या धाडसाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. ज्या जमिनीवर हे विमान टेकलं, तिच्याबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. मला वाटतं, उपनगरातल्या विमानतळांचा खरा इतिहास त्या जमिनीचा आणि तिच्यावरच्या पाण्याचा आहे.

जुहूचं मैदान १९२८ मध्ये विमानांसाठी खुलं झालं. ती खाजणाची जागा होती, समुद्र हाकेच्या अंतरावर. आठ महिने जमीन टणक राही. पावसाळ्यात उधाणाचं आणि आभाळाचं पाणी एक होऊन नुसता चिखल. टाटांच्या टपालसेवेला म्हणून पावसाळ्यात बाडबिस्तरा उचलून पुण्याला जावं लागे. बाडबिस्तरा तरी केवढा? दोन लहान विमानं आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी माणसं. पुण्यात मिळालेलं मैदान येरवडा तुरुंगाच्या सावलीत होतं. (जुहूला पहिलं टपाल उतरण्याच्या तीनच आठवडे आधी, २४ सप्टेंबरला, याच तुरुंगात पुणे करार झाला होता.) मुंबईसारख्या शहराचा विमानतळ चार महिने घाटावर मुक्कामाला असे, हे आज सांगूनही पटत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने रेल्वेच्या पूर्वेला नवा तळ उभारला. युद्धानंतर नागरी विमानंही तिकडे गेली. त्याला नाव पडलं सांताक्रूझचं, पण जमीन पार्ले, अंधेरी, सहार, कुर्ला अशी पसरलेली. जुहू धाकटं झालं, तरी मिटलं नाही. त्याची छोटी धावपट्टी सांताक्रूझच्या मोठ्या धावपट्टीला जवळपास समांतर, त्यामुळे वरून फसगत होई. जुलै १९५३ मध्ये बीओएसीचं कॉमेट जेट चुकून जुहूला उतरलं. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअर लाइन्सच्या डीसी-८ विमानाने तीच चूक केली आणि ते धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

सांताक्रूझला समुद्राची भरती पोचत नव्हती. पण तिथे मिठी होती. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन साकीनाका, कुर्ला, कलिना करत माहीमच्या खाडीला मिळणारी ही नदी. विमानतळ वाढत गेला तशी नदी त्याच्या सोयीने काटकोनात वळवली गेली, धावपट्टीखालून नेली गेली. पाण्याला काटकोन कळत नाही, हे कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधल्या कुणालाही विचारावं. मुसळधार पाऊस लागला की घर सोडून बाहेर पडायची तयारी त्यांना आजही ठेवावी लागते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. कुलाब्याला त्या दिवशी पाऊस ७५ मिलिमीटरच्याही आत होता. एकाच शहराच्या दोन टोकांचे हे आकडे शेजारी ठेवले, की दक्षिण मुंबईतल्या अनेकांना उपनगरातली हकिकत सुरुवातीला अतिशयोक्ती का वाटली, ते समजतं. धावपट्टी पाण्याखाली गेली आणि देशातला एक प्रमुख विमानतळ एक दिवसाहून अधिक काळ बंद राहिला. म्हणजे टाटांची दोन विमानं ज्या पावसाला चुकवून पुण्याला जात, तोच पाऊस. फरक इतकाच की १९३० च्या दशकात त्याच्यासाठी वाट सोडली जाई. मिठीकाठी बुडालेल्या घरांना तर कुठलंच येरवडा नव्हतं.

या पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, मिठीसाठी प्राधिकरण आलं, पात्र रुंद करण्याची कामं निघाली. धावपट्टी मात्र जिथल्या तिथेच आहे, आणि नदी तिच्या खालून जाते.

जुहूवरून आज मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात. बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर माणसं नेआण करणारी त्यांत बरीच. मुंबईचा नवा विमानतळ ऑक्टोबर २०२५ मध्ये पनवेलजवळ उद्घाटित झाला. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, आणि उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला.