विरार लोकलने गेलेली बातमी

वसईत काही घडलं की ते मुंबईच्या पेपरात यायला कुणीतरी लोकलने चर्चगेट गाठावं लागायचं. विरारपासून साठ किलोमीटर. आमच्या गावच्या समितीची प्रेसनोट लिहायचं आणि पोचवायचं काम पुष्कळ वर्षं माझ्याकडे होतं. मी शाळेत मराठी शिकवत होते. या कामाला जनसंपर्क म्हणतात हे मला फार उशिरा कळलं.

१९८०च्या दशकाचा शेवट होता. टँकर वाड्यांमधल्या विहिरी उपसून नव्या इमारतींना पाणी पुरवत होते आणि आमच्या विहिरी मचूळ होऊ लागल्या होत्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. १९८३पासून ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. पाणी, बागायती, बिल्डर हे सगळं त्या मासिकातून आमच्या घराघरांत वाचलं जाई. पण मंत्रालयात वाचली जात ती मुंबईची दैनिकं.

मग रात्री जेवणं आटोपली की मी कागदांच्या मधे तीन कार्बन घालून, बॉलपेन दाबून लिहायला बसे. चौथ्या प्रतीवर अक्षर फिकट उमटे, म्हणून तिच्यावरचे आकडे पुन्हा गिरवायचे. ‘विहिरींचे पाणी आटले’ हे वाक्य कुणी छापत नसे. ‘पोहऱ्याचा दोर यंदा चार हात वाढवावा लागला’ असं लिहिलं तेव्हा ते छापून आलं, चौकटीत. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गाडी धरायची, चर्चगेटला उतरून नरिमन पॉइंटला ‘लोकसत्ता’, तिथून बोरीबंदरसमोर ‘महाराष्ट्र टाइम्स’, येताना गिरगावात ‘नवाकाळ’. पाकीट टेबलावर ठेवून निघायचं नाही, उपसंपादकाच्या हातात द्यायचं, हे मी स्वतः ठरवून घेतलं होतं.

एकदा चूक झाली. सभेला पाच हजार लोक होते असं मी लिहिलं. मैदानात दीड हजारांच्या वर माणूस मावत नव्हता. एका दैनिकाचा वार्ताहर सभेला हजर होता. पुढचे पाच महिने त्या दैनिकात आमची एक ओळ आली नाही. तेव्हापासून मी माणसं मोजते, रांगा मोजून गुणाकार करते.

बातमी कुणाची नेली जाते म्हटलं की मला एक घंटा आठवते. नाशिकला नारोशंकराच्या देवळात वसईहून नेलेली ही घंटा आहे. १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकल्यावर ती तिकडे गेली. एकदा तिच्यासमोर मी बराच वेळ उभी होते. विजयाची बातमी होती ती, दूरवर वाजत गेलेली. ज्या गावांतून ती नेली त्यांचं म्हणणं कुणी नेलं नाही.

दूरदर्शनचं मुंबई केंद्र १९७२पासून होतं, पण त्यांचा कॅमेरा आमच्याकडे क्वचितच फिरके. २००७च्या सुमारास मराठी वृत्तवाहिन्या आल्या आणि कामाची तऱ्हाच बदलली. कागद मागे पडला, वाहिनीवाले ‘व्हिज्युअल’ मागू लागले. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ गावं मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. गावं वगळा म्हणून लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा दुपारच्या बातम्यांत दिसावं म्हणून मोर्चा अकराला काढायचा, हेही आम्ही शिकलो. एवढी मोठी मागणी वीस सेकंदांच्या बाईटमध्ये बसवताना मला फार त्रास व्हायचा. गाव हरवतंय हे वीस सेकंदांत कसं सांगायचं?

जुलै २०१८मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं. लोकल बंद, वीज बंद. माझ्या काळी लोकल बंद म्हणजे बातमीही बंद. या वेळी ओबी व्हॅन अडकल्या आणि पोरांच्या मोबाईलमधले व्हिडिओ वाहिन्यांवर झळकले. त्यांत जुनेही होते, दुसऱ्या गावचेही होते. समितीच्या मुलांना मी सांगून ठेवलं, पुढे पाठवायच्या आधी मला दाखवा. ज्याने व्हिडिओ काढला त्याला मी फोन करी. कुठून काढलास? किती वाजता? पाणी कुठवर आहे?

माझा एक जुना विद्यार्थी घराच्या जिन्यात बसून बोलत होता, बॅटरी संपत आली होती. “बाई, तिसऱ्या पायरीपर्यंत,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “नाही बाई, लिहू नका अजून. चौथी बुडतेय.”