पिकअपचे इंडिकेटर : नवे वायरिंग करताना

मालवाहू पिकअपच्या मागील दिव्यांना पावसाचे पाणी, चिखल आणि हादरे सतत सोसावे लागतात. परिणामी तारांचे जोड गंजतात आणि वळण्याची सूचना मागच्या वाहनचालकापर्यंत पोहोचतच नाही. रात्रीच्या वेळी हा दोष जिवावर बेतू शकतो.

इंडिकेटरबरोबर पार्किंगचा दिवाही लुकलुकत असेल, तर बहुधा अर्थिंग सैल झालेले असते. म्हणून सर्व वायरिंग बदलण्यापूर्वी अर्थिंगच्या जोडावरील गंज खरवडून तो घट्ट करावा. इंडिकेटर नेहमीपेक्षा जलद लुकलुकणे ही बहुधा बल्ब गेल्याची खूण होय. जुन्या फ्लॅशरवर कमी वीज घेणारा एलईडी दिवा बसविल्यासही असे घडते.

नव्या तारा जोडण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवावी. १२ व्होल्टवर २१ वॉटचा बल्ब १.७५ अँपिअर प्रवाह घेतो. एका बाजूच्या अशा दोन बल्बांना ३.५ अँपिअर लागतात. त्याहून अधिक प्रवाह पेलणारी तार निवडावी. फ्यूज मात्र कंपनीने नेमून दिलेल्या क्षमतेचाच हवा. मोठा फ्यूज घातल्यास तार तापून आग लागण्याचा धोका असतो.

काम संपल्यावर घड्याळ लावून तपासणी करावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे.