आकड्यांतून दृश्यापर्यंत : तारकागुच्छांच्या सिम्युलेशनचा इतिहास

परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने ताऱ्यांचे समूह कसे बदलत जातात हे पाहण्यासाठी रचलेली गणिती प्रतिकृती, म्हणजेच सिम्युलेशन, संगणकाच्याही आधीची आहे. स्वीडनमधील लुंडचे एरिक होल्मबर्ग यांनी 1941 मध्ये प्रत्येकी 37 दिव्यांच्या दोन दीर्घिका मांडल्या आणि प्रकाशही गुरुत्वाकर्षणाप्रमाणेच अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, या आधारावर प्रकाशमापनातून बल काढून दिवे पायरीपायरीने सरकवले. त्या प्रयोगात गणना डोळ्यांसमोरच घडत होती. संगणकाने मात्र गणना आणि दृश्य यांची फारकत केली.

1960 मध्ये हायडेलबर्ग येथे सेबास्टियन फॉन होर्नर यांनी 16 ताऱ्यांपर्यंतचे गुच्छ संगणकावर सोडवले आणि 1963 मध्ये केंब्रिजच्या स्वेर्रे आर्सेथ यांनी ही संख्या 100 पर्यंत नेली. आर्सेथ यांच्या पद्धतीत प्रत्येक ताऱ्याची कालपायरी, म्हणजे दोन गणनांमधील अवधी, स्वतंत्र असते: दाटीतल्या ताऱ्याची लहान, विरळ भागातल्याची मोठी. त्यामुळे गणनेचे श्रम अतोनात वाचले, परंतु साठवलेली स्थाने एकाच क्षणाची राहिली नाहीत, म्हणून चित्र काढण्यापूर्वी वेग आणि त्वरण यांच्या आधारे प्रत्येक तारा एका समान क्षणापर्यंत पुढे न्यावा लागतो. जोडताऱ्यांचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण दोन नोंदींच्या दरम्यान ते अनेक प्रदक्षिणा पूर्ण करतात आणि त्या नोंदी नुसत्या सरळ रेषेने जोडल्यास कक्षा नाहीशी होऊन खोटीच गती दिसते.

गणनेतील एककेही दृश्याला सोयीची नसतात. गुरुत्व स्थिरांक आणि एकूण वस्तुमान 1 मानण्याची रीत रूढ असल्याने प्रत्येक अंतर पार्सेकमध्ये, म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षांच्या मापात, बदलावे लागते. त्यानंतर दृश्य दाखवण्यासाठी अमेरिकेतील स्टुअर्ट लेव्ही यांच्या पार्टिव्ह्यू या सॉफ्टवेअरला साधी मजकूर-फाइल पुरते: एका ओळीत एका ताऱ्याचे तीन निर्देशांक आणि त्यापुढे वस्तुमान, तेज यांसारखी मूल्ये.

खरा निर्णय तेजाचा असतो. सूर्यासारख्या ताऱ्यांचे तेज वस्तुमानाच्या साधारण साडेतीन घातांकाने वाढते. ते जसेच्या तसे दाखवले तर मोजके जड तारे पडदा व्यापतात आणि गुच्छाचे बहुसंख्य सदस्य अदृश्य होतात, तर लॉगरिथमने दाबले तर खरा फरक झाकला जातो. म्हणूनच असे प्रत्येक चित्र प्रसिद्ध करताना त्यासाठी वापरलेले रूपांतर चित्राखालीच नोंदवले गेले पाहिजे.