तारापूरचे दोन आकडे

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या डिसेंबर 2009च्या अहवालात तारापूर औद्योगिक वसाहतीपुढे 72.01 हा प्रदूषण निर्देशांकाचा आकडा आहे. 2018च्या यादीत 93.69. पहिल्या वेळी तारापूर ठाणे जिल्ह्यात होते, दुसऱ्या वेळी पालघरमध्ये. 2018च्या शंभर औद्योगिक क्षेत्रांत एवढे गुण दुसऱ्या कुणालाच नव्हते. मग नऊ वर्षांत प्रदूषण 21.68 गुणांनी वाढले, असे म्हणायचे का?

तसे सरळ म्हणता येत नाही. मधे, 2016 साली, गुण देण्याची पद्धतच बदलली. जुन्या पद्धतीत विषारी द्रव्ये व उद्योगांचा व्याप यांना 30 गुण होते, प्रदूषण पोचण्याच्या वाटांना 20, बाधित लोक व परिसराला 30, प्रक्रिया यंत्रणेतल्या उणिवांना 20. नव्या पद्धतीत निम्मे, म्हणजे 50 गुण हवा-पाण्याच्या प्रत्यक्ष मोजणीला मिळाले; व्यापाला 20, नियमपालनाला 20 आणि रुग्णालयांतल्या आरोग्यनोंदींना 10. अंदाजाऐवजी मोजणीवर भर दिला हे रास्तच. आरोग्याला दहाच, हे मात्र मला तोकडे वाटते.

बेरजेचे सूत्र दोन्ही वेळी एकच आहे. हवा, पाणी, जमीन यांना वेगवेगळे गुण देऊन त्यांतला सर्वांत मोठा आकडा पूर्ण धरायचा. शंभराला जेवढे कमी पडतात, त्यांना उरलेल्या दोघांच्या टक्केवारीने गुणून त्यात मिळवायचे. 2009मध्ये हवा 60.75, पाणी 56, जमीन 51.25. 2018मध्ये हवा 72, पाणी 89, जमीन 59.25. 89मध्ये 11 × 0.72 × 0.5925 मिळवले की 93.69 होतात. हिशेब जुळतो.

खरी गोष्ट या सुट्या आकड्यांत आहे. जमीन 8 गुणांनी वर गेली, हवा 11.25ने आणि पाणी तब्बल 33ने. नियम तर तिघांनाही बदलला होता. पाण्याची एवढी झेप एकट्या नियमबदलावर ढकलणे कठीण आहे. शिवाय एक कागद या यादीच्या आधीचा आहे: तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे केलेला अर्ज, क्रमांक 64, साल 2016.